लाल ठिपक्याचा ग्लास

"उद्यापासून कामाले येऊ नको," कस्तुराबाई म्हणाली. "तुले टीबी हाय म्हने. साऱ्या शेलूबाजारात झालं."

हेमलाने मिरचीचे देठ खुडणं थांबवलं नाही. "कोनं सांगतलं?"

"शेजारच्या गंगूनं दवाखान्यातून गोळ्या आनतांना पाह्यलं तुले. खोटं हाय काय?"

"गोळ्या आनतो, ते खरं हाय. पन आता कोनाले लागन होत नाही, डॉक्टरनं सोता सांगतलं. मी येनार."

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कस्तुराबाईचं मिरचीचं कांडप होतं. यंत्र सुरू झालं की रस्त्यावरच्या जीपवाल्यांनाही ठसका लागे. आतल्या बाया तर दिवसभर खोकत आणि खोकता खोकता गावाची खबरबात घेत. धाकटी सून वैभवी हिवाळाभर खोकली, तेव्हा कस्तुराबाईने तिला नाकाला रुमाल बांधायला सांगितलं आणि विषय संपवला. एकटी हेमलाच अशी, की तिला मिरची कधी बाधली नाही. तिलाच टीबी निघावा याचं कस्तुराबाईला नवल वाटलं.

पण रोगापुढे ती कुणाची गय करत नसे. थोरल्या सुनेच्या पाठीवर चट्टा दिसला, तर तिने त्याच आठवड्यात तिला माहेरी धाडलं होतं. पुढे औषधाने चट्टा गेला, पण सुनेला कुणी परत आणलं नाही. कस्तुराबाई हे लपवत नसे, उलट चारचौघींत सांगे.

दुसऱ्या दिवशी हेमला आली. शेडचं दार लागलेलं पाहून ती बाहेर लिंबाखाली बसली. थोड्या वेळाने उठून गेली. मग रोजच येऊ लागली. काम नाही, मजुरी नाही, तरी ही बया भर उन्हात हजर! बायांना चघळायला विषय मिळाला.

"आई, तहानेनं मरन ते," वैभवी सासूला म्हणाली. "पानी तं देऊ द्या."

"दे. पन ग्लास येगळा ठेव."

वैभवीने एका ग्लासावर स्वतःच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. त्या ग्लासाला घरात दुसरं कुणी शिवत नसे. रोज तीच तो भरून बाहेर नेई आणि तीच घासून ठेवी.

सुनेचा हा कनवाळूपणा कस्तुराबाईला खटकायचा. पण पोरीवर रागावणं तिला जमेना. उन्हाळ्यात वैभवी अंगाने भरली होती, खोकलाही गेला होता. तिला मिरचीची सवय झाली, असं कस्तुराबाई कौतुकाने सांगे.

एक दिवस मात्र तिचा संयम सुटला. ती लिंबाखाली जाऊन उभी राहिली.

"हेमला, लाज नाही वाटत तुले?"

"कायची लाज? रोग झाला म्हनजे मानूस चोर होते काय?"

"लोक थुंकून राह्यले तुह्या नावानं."

"थुंकू द्या."

"उठ इथून. नाहीतं पोलीस बोलावतो."

"बोलवा. तुमच्या दारातून मी हलनार नाही." हेमलाने तिच्या डोळ्याला डोळा भिडवला. "गोळ्या सरल्या की आपल्या मनानं जाईन. तुमच्या भेवानं नाही."

कस्तुराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. लेकीसारख्या सुनेने पाणी पाजायचं आणि या बाईने दारात बसून उलट बोलायचं! आता तो ग्लासच उकिरड्यावर फेकायचा, असं ठरवून ती तरातरा घराला वळसा घालून पुढच्या दाराने स्वयंपाकघरात गेली. ग्लास जागेवर नव्हता. तिने मागची खिडकी उघडली.

लिंबाखाली वैभवी भरलेला ग्लास घेऊन उभी होती. हेमलाने कनवटीची पुडी सोडली आणि त्यातल्या गोळ्या वैभवीच्या हातावर ठेवल्या.

"गिळ, मी पाहून राह्यली," ती म्हणाली.

वैभवीने गोळ्या तोंडात टाकल्या आणि लाल ठिपक्याच्या ग्लासातलं सगळं पाणी पिऊन टाकलं.