सगळं लिहून घेतलं

वर्कशॉपमधली नोकरी सांभाळून ऑनलाइन मास्टर्स करणाऱ्या इंजिनिअर मुलीला प्रोजेक्टसाठी माहिती हवी होती. तिथल्या फोरमनकाकांनी रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून, हातचं काही न राखता तिला सगळं सांगितलं. कुठलं मशीन कधी रुसतं, कुठल्या आवाजाला कुठला नट आवळायचा, सगळं. ती पास झाली तेव्हा काका वर्कशॉपभर सांगत फिरले, "आपली पोर आहे."

महिन्याभरात ती मॅनेजर झाली. तिने काकांना केबिनमध्ये बोलावलं, बसायला खुर्ची दिली आणि कामावरून कमी केल्याचं पत्र पुढे सरकवलं.

काकांनी ते दोनदा वाचलं. "पोरी, इथल्या मशीनमधलं माझ्याइतकं कुणाला कळतं?"

"कुणालाच कळत नव्हतं, काका," ती खाली बघत म्हणाली. "आता सगळं लिहून ठेवलंय."