तिथल्या एका मुलीशी बोलू द्या

पोरींना शहरात कामाला न्यायला आलेल्या रिस्कुलला तोक्तोबेकच्या घरी मानाच्या जागी बसवलं होतं. पुढ्यात लोणी, जर्दाळूचा मुरंबा, कणकेचे गरम तळलेले बोर्सोक. त्याने आपल्या तेरा वर्षांच्या लेकीचा, मीरिमचा, जन्मदाखला तिच्या हातात दिला.

"अल्माटीत माझ्या बहिणीचं दुकान आहे," रिस्कुल म्हणाली. "सकाळी शाळा, संध्याकाळी थोडं हाताखाली काम. कागद माझ्याकडेच राहू दे. पोरींच्या हातून हरवतात."

दाराशी बसलेल्या शेजारच्या झूराने चहाची वाटी खाली ठेवली. हेच वाक्य तिने मीरिमएवढी असताना दुसऱ्या एका बाईच्या तोंडून ऐकलं होतं. झूरा परत आली तेव्हा आईने, आत्ता इथे चहा ओतत असलेल्या बुरुलने, बजावलं होतं, "दुकानात नोकरीला होते, एवढंच सांगायचं." गावाला तेवढंच ठाऊक होतं.

"मावशी," झूरा म्हणाली, "आत्ता फोन लावा ना. तिथल्या एका मुलीशी मीरिमला बोलू द्या."

"इथे रेंज नाही गं."

"माझ्या फोनला आहे," मीरिम म्हणाली.

रिस्कुल हसली. "कामाच्या वेळी त्यांना फोन घेऊ देत नाहीत."

"कधीच देत नाहीत." झूराचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "मी अशाच दुकानात होते, काका. शाळा नव्हती. रात्री बाहेरून कुलूप. आईशी बोलायचंय म्हटलं की मार. चार वर्षं. पळाले म्हणून सुटले."

आईकडे बघायचा झूराला धीर होईना.

"कुणाचं ऐकताय," रिस्कुल म्हणाली. "चार वर्षं ही कुठे होती, काय करत होती, देव जाणे. असल्या पोरींना अब्रू असते का?"

बुरुलने किटली खाली ठेवली.

"मला ठाऊक आहे कुठे होती. माझ्या लेकीला कोंडून ठेवलं होतं. अब्रू गेली ती कोंडणाऱ्यांची."

तोक्तोबेकने जन्मदाखला रिस्कुलच्या हातातून काढून घेतला, मीरिमकडे दिला आणि ठाण्याला फोन लावला. रिस्कुल पर्स घेऊन उठली, तर त्याची बायको दारात आडवी उभी.

"बसा की. चहा संपायचाय अजून."

"सकाळी ही बाई खालच्या आळीत कुणाकडे गेली होती?" बुरुलने तोक्तोबेकच्या बायकोला विचारलं.

"जिपारकडे. तिलाही दोन मुली आहेत."

बुरुलने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि लेकीपुढे हात केला.

"ऊठ. तिथे आधी मी बोलते, मग तू."