फुलांच्या गेमला दहा

"भुताच्या गेमला दोन गुण, शर्यतीलाही दोन?" पडद्यावरून संपादक करवादले. "मृण्मयीबाई, परीक्षण आता कोण वाचतं? लोक तुमच्या मनगटावरच्या पट्टीचे गुण बघतात. काळीज धडधडलं, की गुण वाढले!"

"अहो, भुतानं माझे हातपाय गार पडले होते," मृण्मयी म्हणाली. पण हृदयाच्या दुखण्यावरची गोळी तिचे ठोके वाढूच देत नव्हती, आणि पट्टीला शब्द कळत नव्हते.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात डबा खाताना तिच्या नवऱ्यानं, उन्मेषनं, तिचं घरून चाललेलं थेट प्रक्षेपण फोनवर उघडलं. मृण्मयी फुलं रचायचा एक संथ गेम खेळत होती आणि गुण होते आठ. बघता बघता नऊ झाले. खाली कुणीतरी लिहिलं, 'बाई खुलल्या एकदाच्या!'

त्यानं घाईघाईनं तिला फोन लावला. "गोळी घेतलीस ना गं?"

"सोमवारपासून बंद केलीय." ती धापा टाकत हसली. "गुण बघितलेस?"

"खेळ थांबव आधी! आडवी हो, मी निघालोय."

"थांब रे, दहा होतायत."

उन्मेष जिना धडाधड उतरला. फोनवर दहाचा आकडा झळकला, टाळ्याच टाळ्या पडू लागल्या. तो तिला हाका मारत होता, आणि पलीकडून फक्त गेमचं संथ संगीत ऐकू येत होतं.