भोंग्याआधी

धरणाच्या नियंत्रण कक्षात, पडद्यावर एआयची ओळ उमटली : "दार उघडतो आहे."

शलाकाने झडप घालून लाल बटण दाबलं. खाली नदीपात्रातल्या खडकावर एक बाई गोधडी धूत बसली होती.

"चाचणी का थांबवलीस?" साहेब खेकसले.

"भोंगा न वाजवताच दार उघडत होता तो!"

"आधी भोंगा वाजवायचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"त्याला नाही ना माहीत, साहेब. मी लिहिलं तेवढंच त्याला कळतं."

एआयने वाचायची सगळी माहिती तिनेच लिहिली होती. दार कसं उघडायचं, किती उघडायचं, सगळं होतं. फक्त भोंगा राहिला होता. तिने लगेच भर घातली : "आधी भोंगा वाजवा. कॅमेऱ्यात पात्र रिकामं दिसल्याशिवाय दार उघडू नका."

पुन्हा चाचणी सुरू झाली. भोंगा खोरंभर घुमला. दार मात्र हललं नाही.

"आता काय अडलं?"

पडद्यावर उत्तर आलं : "खडकावर एक बाई आहे. भोंगा वाजूनही उठलेली नाही. थांबलो आहे."

साहेब खिडकीशी गेले आणि त्यांचा चेहराच उतरला. "गोदाक्का! तिला ऐकू येत नाही. खाली जाऊन हाताने खुणावावं लागतं."

"हे मला कुणी सांगितलंच नाही," शलाका म्हणाली.

"अगं, त्यात सांगायचं काय? सगळ्यांना..."

चष्मा सावरत साहेब पायऱ्यांकडे धावले.