हिमराजाचा भरलेला फ्रीज

अदिती मॅडमनी फ्रीजचं दार उघडलं आणि कंपनीचा सेल्समन सुमंत याने श्वास रोखला. पाचही कप्पे गच्च. 'हिमराजा' कोल्ड्रिंकच्या निळ्या बाटल्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या, लेबलं समोर करून. मधे एकही परकी बाटली नाही. कंपनीच्या फ्रीजमध्ये फक्त कंपनीचा माल, हा नियम कोराडीच्या बसथांब्यावरच्या दुकानातही पाळला जातो हे पुण्याहून आलेल्या या बड्या मॅडमनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

बदली झालीच, असं सुमंतला वाटलं. सात वर्षं तो या भागातली वीजकेंद्राची राख खात मोटारसायकल दामटत होता. घरी पोचेपर्यंत भुवया पांढऱ्या व्हायच्या. बायको म्हणायची, रोज म्हातारे होऊन येता. आता नागपुरात धरमपेठेतली जागा रिकामी झाली होती, आणि तिथे कोणाला पाठवायचं ते मॅडम आज ठरवणार होत्या. सकाळीच त्याने दुकानवाल्या इंदूबाईंना हात जोडले होते, "मावशी, धरमपेठेचं आज ठरेल, सांभाळून घ्या."

या दुकानासाठी त्याने काय नाही केलं? 'फटाका' कोलाच्या मार्तंडने शटर लाल रंगवलं, याने दुसऱ्याच दिवशी निळं केलं. मार्तंडने एक छत्री दिली, याने दोन दिल्या. इंदूबाईंनी तिन्ही छत्र्या घरी नेल्या. सुमंत तरी स्वतःला सेनापतीच समजत राहिला. समजायला काय पैसे पडतात?

शेजारीच 'फटाका'चा लाल फ्रीज होता. सुमंतने तो मुद्दाम उघडून दाखवला. आत एक दुधाची पिशवी आणि दोन लिंबं.

"बघा मॅडम. शत्रू साफ झाला."

"साफच होते तो रोज," इंदूबाई म्हणाल्या. "ड्यूटी सुटली का पावरहाऊसचे पोट्टे तुटून पडतात. सकाळी भरला का दुपारी खाली."

मॅडमनी निळ्या फ्रीजकडे पाहिलं. "आणि हा कधी भरला?"

"हा? हा त भरलेलाच राह्यते."

पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात सुमंतला हुडहुडी भरली.

"पण याच्या रिपोर्टमध्ये तर दर आठवड्याला एक पेटी विकली जाते," मॅडमचा आवाज बदलला. "म्हणजे खोटं लिहितोस तू?"

सुमंतचा पडलेला चेहरा पाहून इंदूबाईंचा जीव कळवळला. सात वर्षांचा घरोबा. त्या काउंटरमागून पुढे आल्या.

"खोटं नाही वं माय, पोरगा इमानदार आहे. जाते ना एक पेटी दर हप्त्याले. हाच नेते, रोख देऊन. त्याले धरमपेठेले नका धाडू मॅडम. तो गेला त हे कोन पेईन?"