नववी बाटली

"जरा जोर लाव, माकडखाऊ! खाली झोपलेल्यांना जाग येऊ दे."

कारखान्याचा पहारेकरी जेरे नव्या बुटांतले पाय पुढे पसरून सावलीत बसला होता. चिसंगानं वळूनही पाहिलं नाही. तिसऱ्या बोअरमधलं साचलेलं पाणी तो बारीक पोहऱ्यानं उपसून टाकत होता. ताजं पाणी लागल्याशिवाय तो तपासणीची बाटली भरत नसे.

"उंदीर खाणाऱ्यानं तोंड मिटून बसावं," तो म्हणाला. "दातांत शेपटी दिसतेय."

जेरे खदखदून हसला. चिसंगा बेंबा, जेरे न्गोनी. या दोन जमातींत टिंगल हेच नातं. काहीही बोला, राग धरायचा नाही. चिसंगाची बायको बुपे गेली तेव्हा खड्डा जेरेनंच खणला होता. खणता खणता ओरडला होता, "एवढीशी बाई! खड्डा कशाला, टोपली पुरे!" रडणारी माणसं हसली होती. चिसंगाही हसला होता.

बुपेचं पोट वर्षभर फुगत गेलं होतं. कारखान्याचा कचरा या माळावर वीस वर्षं पुरला गेला होता, आणि ती पाणी भरायची तो हापसा कुंपणाला लागूनच होता. आता तिथं मुलगी, कसोंदे, भरत होती. तिला सातवा महिना लागला होता. तिथलं पाणी भरू नकोस, असं त्यानं सांगून पाहिलं होतं.

"तुमचेच कागद स्वच्छ म्हणतात, बाबा," ती म्हणाली होती.

खरंच होतं ते. तीन फेऱ्यांत आठही बोअर स्वच्छ निघाल्या होत्या. हा चौथा फेरा, शेवटचा. आताही तसंच निघालं की कारखान्याची चौकशी बंद आणि हापसा कायमचा चालू.

"काळजी करू नकोस," जेरे म्हणाला. "तुझं माकडांचं पाणी बघून प्रयोगशाळेतली पोरगी चक्कर येऊन पडेल. म्हणून मीच माझं चांगलं पाणी भरून देतो."

"दे बाबा. तेवढं तरी काम होईल तुझ्या हातून."

जेरे स्वतः हापशाचं पाणी पीत नसे. सायकलला पिवळा डबा बांधून शहरातून पाणी आणायचा. माकडांनी उष्टावलेलं आम्हांला चालत नाही, म्हणायचा.

आठही बोअर झाल्यावर चिसंगानं बाटल्या पहाऱ्याच्या खोलीत नेल्या आणि बर्फाच्या पेटीत एकेक करून ठेवल्या. जेरे दारातून बघत होता. शेवटच्या बाटलीवरचा आकडा त्यानं वाचला आणि त्याचं हसू थांबलं.

"नऊ?"

"नऊ."

"नववी बोअर बुजवलीय. मी होतो तेव्हा इथं." त्याचा आवाज खाली आला. "ना वास, ना आवाज. बोअर मारणारा आत वाकून बघत होता, तो तसाच वाकलेला राहिला. मी हाक मारली, खांद्याला हात लावला, तरी वाकलेलाच. वरून सिमेंट ओतलं आम्ही. तू कुठून भरलीस ही?"

"खालून," चिसंगा म्हणाला.

जेरेनं टिंगल केली नाही. असं पहिल्यांदाच झालं.

मातीतल्या हवेचा नमुना घ्यायचा अजून राहिला होता. चिसंगा पोकळ सळया खांद्यावर टाकून माळाच्या पलीकडच्या टोकाला गेला. तिथं गवत उगवत नव्हतं आणि पाखरू बसत नव्हतं. जमीन चपलेतून कोमट लागत होती. सिमेंटच्या त्या जुन्या ठिगळाजवळ त्यानं सळई ठोकली, पंप लावला आणि खालची हवा पिशवीत ओढू लागला. पिशवी फुगली. मग थोडी बसली आणि पुन्हा फुगली, श्वास घेतल्यासारखी. हातातलं वायू मोजणारं यंत्र ओरडू लागलं. कुणीतरी आपल्या शेजारी वाकून उभं आहे, असं त्याला वाटलं. त्यानं बाजूला पाहिलं नाही. बुपेचं नाव घेतलं आणि पिशवीचं तोंड बंद केलं.

दोन तासांनी तो परतला तेव्हा जेरे खोलीबाहेर भर उन्हात बसला होता. पिवळा डबा त्याच्या पायाशी पालथा पडला होता.

"सगळं प्यालास?"

"तहान लागली होती," जेरे म्हणाला. "ने ती पेटी लवकर. ती आत असली की मला आत बसवत नाही."

आठवड्यानं प्रयोगशाळेतल्या मुतिंतानं निकालाचा कागद पुढं सरकवला. तिचा चेहरा उतरला होता.

"आठ स्वच्छ आहेत, बा चिसंगा," ती अदबीनं म्हणाली. "पण नववी... हे पाणी नाही, विष आहे. ही नववी बोअर आहे तरी कुठं?"

"नववी बोअर नाही," चिसंगा म्हणाला. "मला तुमच्या प्रयोगशाळेचा संशय होता. म्हणून तिसऱ्या बोअरचं पाणी दोन बाटल्यांत भरलं. एकीवर तीन लिहिलं, दुसरीवर नऊ."

मुतिंतानं कागद पुन्हा जवळ ओढला. तिसरी ओळ बोटानं वाचली, मग नववी.

"पण तिसरी स्वच्छ आहे. एकाच पाण्याच्या दोन बाटल्या, एक स्वच्छ आणि एक अशी? नववीतच असं काय झालं?"

चिसंगाला जेरेच्या पायाशी पालथा पडलेला पिवळा डबा आठवला.

"नववीला काहीच झालं नाही," तो म्हणाला. "तिला हात लावायची जेरेची छाती झाली नाही."