खिडकीजवळची जागा

अडुसष्ट साली अमेरिकन पाद्री वॉल्टरसाहेबांची बदली कोल्हापुरातून गडहिंग्लजला झाली. स्टँडवर लोक गाडीच्या खिडकीतून रुमाल, टोप्या टाकून जागा धरत होते. साहेबांच्या हातात फक्त क्रूस छापलेलं मराठी बायबल होतं. त्यांनी तेच टाकलं.

धक्के खात आत शिरले, तर गाडी गच्च भरलेली, पण बायबलाची जागा तशीच! शेजारच्या चिमणाबाई पुस्तकाला पाय लागू नये म्हणून अंग चोरून बसलेल्या. साहेब खूश होऊन पुस्तक उचलायला वाकले.

“अवो पावणं!” चिमणाबाई कडाडल्या. “देवाला उठवून आपण बसतासा व्हय?”

साहेब वरचा दांडा धरून उभे राहिले.



कंडक्टर आला, बायबलाला हात जोडले आणि साहेबांना म्हणाला, “दोन तिकिटं काढा.”